‘म्हणाले’ ते कळलं, पण झालं काय?

या महिन्यात व्हॉट्सअॅपवर प्रश्नांचा ढीग पडलाय, पोस्टाने पण दोन-तीन आलेत (पोस्टकार्ड अजून मिळतं म्हणजे, बरं वाटलं). त्यातले कितीतरी ‘अमक्याला तिकीट मिळणार का’ छापाचे होते ते बाजूला ठेवले, ते मला माहीत असतं तर मी गोव्यात फोंड्याला घरी बसून हे पान लिहीत बसले नसते. राहिलेल्या प्रश्नांत मात्र सगळ्यांची तक्रार जवळपास एकच आहे, पेपरात एक वाचतो आणि प्रत्यक्षात वेगळंच निघतं. मी चोवीस वर्षं डेस्कवर काढली, कुठल्या पेपरात ते जाऊ दे, त्यामुळे थोडं आतलं सांगू शकते. नाव छापू नका असं सगळ्यांनीच लिहिलंय म्हणून फक्त गाव घालतेय.

प्र. ताई, आमच्या योजनेचे पैसे वाढले अशी बातमी मी स्वतः वाचली, मंत्र्यांच्या फोटोसकट. बँकेत गेले तर होते तेवढेच. पंचायतीत विचारलं तर म्हणतात अजून ऑर्डर नाही. पेपरवाले सरळ खोटं छापतात का? (गृहिणी, डिचोली)

तुम्ही कात्रणाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. हेडलाईन आहे ‘योजनेत वाढ’. आता खालची पहिली ओळ परत वाचा, ‘वाढ करण्याचा सरकारचा विचार असल्याचे मंत्री म्हणाले’. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि आपण शेवटापर्यंत जातच नाही हो, आकडा दिसला की तिथेच थांबतो. खोटं छापलेलं नाही, मंत्री म्हणालेच होते. फक्त म्हणण्याचे पैसे बँकेत जमा होत नाहीत.

मंत्री एखाद्या कार्यक्रमात बोलतो, मग फाईल अर्थखात्याकडे जाते, कॅबिनेटपुढे यायची असेल तर येते, मग अधिसूचना निघते, ती राजपत्रात छापली जाते, मग खात्याची ऑर्डर आणि मग कुठे बँक. यातल्या प्रत्येक पायरीवर एक बातमी होऊ शकते आणि होतेच, त्यामुळे एकच वाढ तुम्ही तीन-चार वेळा वाचता आणि घरात वाद होतो की मागच्या वर्षीच वाढली होती ना. गृहिणींची गृह आधार योजना २०१२ ला आली तेव्हा महिन्याला १००० रुपये होते, पुढे १२०० झाले, मग १५००, आणि प्रत्येक वेळी पैसे वाढले ते कागद निघाल्यावर, भाषण झाल्यावर नाही.

म्हणून ‘करणार’, ‘विचाराधीन’, ‘लवकरच’, ‘तत्त्वतः मान्यता’ हे शब्द दिसले की चहा पिऊन पान उलटा. ‘अधिसूचना जारी’ दिसलं तर मात्र तारीख लिहून ठेवा आणि बँकेत जाताना ती घेऊन जा, काउंटरवरचा माणूस जरा वेगळा बोलतो मग.

प्र. म्हादईच्या बाबतीत एक पेपर म्हणतो कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, टीव्हीवाले ३.९ म्हणतात, आमच्या नाक्यावर तर सगळी नदीच वळवली असं म्हणतात. खरं कोण बोलतंय? (शेतकरी, केरी-सत्तरी)

नाक्यावरचं सोडलं तर दोघेही खरं बोलतायत, आणि तीच तर पंचाईत आहे.

म्हादईच्या पाण्याच्या भांडणासाठी नेमलेल्या लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ ला आला. त्यात कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी. पण त्यातलं ८.०२ हे वीज करायला, म्हणजे ते पाणी टर्बाईनमधून जाऊन परत नदीतच यायचं आहे. राहिलं ५.४०. त्यातलं १.५० खोऱ्यातल्या खोऱ्यात वापरायला, आणि उरलेलं ३.९०, कळसा नाल्याचं १.७२ अधिक भांडुरा नाल्याचं २.१८, हे खोऱ्याबाहेर कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवायचं. म्हणजे वाटपाचा आकडा १३.४२, वळवण्याचा आकडा ३.९०. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. हे सगळं निवाड्यात आहे, पण त्या दिवशी संध्याकाळी डेस्कवर निवाडा कोणाच्या हातात नव्हता, एजन्सीची चार ओळींची बातमी होती, आणि चार ओळींत हेडलाईनला बसेल असा एकच आकडा होता. मी तेव्हा डेस्कवरच होते म्हणून सांगतेय. बंगळूरला तोच आकडा ‘मिळाले’ म्हणून लागला, इथे ‘गेले’ म्हणून.

आता एक टीएमसी म्हणजे किती हे पण कोणी लिहीत नाही. शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २८३० कोटी लिटर. हे वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही हे मला मान्य आहे, माझ्याही येत नाही, पण निदान ‘टीएमसी’ हे धरणाचं नाव आहे असं समजणारा एक शिकाऊ रिपोर्टर मी पाहिलाय त्यापेक्षा बरं.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळाच असायला हवा, आणि तो मला पेपरात फार कमी दिसतो. खोऱ्यात वर्षाला मिळणारं पाणी लवादाने सुमारे १८८ टीएमसी धरलं. त्यातून ३.९ म्हणजे दोन टक्के, मग एवढी बोंब कशाला असं पलीकडचे लोक म्हणतात आणि हिशेब चुकीचा पण नाही. फक्त हा हिशेब वर्षाचा आहे. आपल्याकडे पाऊस जूनपासून चार महिने पडतो आणि नदी मात्र बारा महिने चालवायची असते. तुमच्या केरीत एप्रिलमध्ये नदीत किती पाणी असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खानापूरकडचे हे नाले नदीच्या अगदी उगमाकडचे, तिथलं पाणी कुठल्या महिन्यात उचलणार, पावसाळ्यानंतर उचलणार नाही हे कोण बघणार, आणि खाली मांडवीत, म्हणजे म्हादईच्याच खालच्या भागात, खारं पाणी आणखी वर सरकलं तर ते मोजणार कोण, हे विचारायचं. फोंड्यात माझ्या नळाला येतं ते ओपाचं पाणी खांडेपार नदीचं, आणि ती पण म्हादईच्या खोऱ्यातलीच, म्हणून मला पण हा प्रश्न काही लांबचा नाही.

बघायला एक ‘प्रवाह’ नावाचं प्राधिकरण आहे, २०२३ ला केंद्राने मंजूर केलं. त्याच्या बैठकीची बातमी येते तेव्हा कोण आलं आणि बैठक ‘सकारात्मक’ झाली एवढंच असतं, तिथे कुठला आकडा ठेवला गेला ते नसतं. बैठक सकारात्मक झाली म्हणजे चहा बरा होता एवढाच अर्थ मी घेते.

प्र. आमच्या शेजारचं काजूचं भाट, म्हणजे बाग, ऑर्चर्ड झोनमध्ये होतं, माझ्या वडिलांपासून बघतोय. एके दिवशी सकाळी जेसीबी. विचारलं तर म्हणे सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायचा झोन झालाय, झोन बदललाय. कुठल्याच पेपरात आलं नव्हतं, मी रोज दोन पेपर घेतो. असं कसं होऊ शकतं? (निवृत्त शिक्षक, बार्देश)

मास्तर, होऊ शकतं, आणि तुमच्यासारखी पत्रं या महिन्यात एकट्या बार्देशातूनच तीन आहेत. जरा लांबून सांगते.

रिजनल प्लॅन म्हणजे कुठे घर बांधता येईल, कुठे शेत, कुठे बागायत, कुठे काहीच नाही, हे ठरवणारा नकाशा. २०११ हे लक्ष्यवर्ष धरून आधीच केलेला प्लॅन आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. तेव्हा पेपरांनी नकाशे छापले होते, अख्खी पानं, लोक कात्री घेऊन बसायचे आपलं गाव कापायला. त्यानंतर आला २०२१ चा प्लॅन. मोठा प्लॅन बदलायला गेलं की मोठा आवाज होतो हे त्यातून सगळ्यांच्या लक्षात आलं, सरकारं चालवणाऱ्यांच्या सुद्धा. मग बदल एकेका सर्व्हे नंबरचा व्हायला लागला. नगर नियोजन कायद्यात २०१८ ला १६ब आलं, त्यावर ओरड झाली, मग २०२३ ला १७ चं पोटकलम दोन, मग २०२४ ला ३९अ.

१७(२) ची गंमत बघा. प्लॅन करताना ‘अनवधानाने झालेली चूक’ दुरुस्त करायची एवढंच त्याचं म्हणणं. चूक आहे असं जमीनमालकाने अर्ज करून सांगायचं. आणि लोकांना आधी विचारायची तरतूदच त्यात नव्हती, झाल्यावर राजपत्रात यायचं. १३ मार्च २०२५ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली, कलम ठेवलं पण त्याचा अर्थ फार आखडून टाकला. ही बातमी पहिल्या पानावर आली, यायलाच हवी होती. पण त्याआधीची दोन वर्षं राजपत्रात सर्व्हे नंबर छापून येत होते तेव्हा ते कुठल्या पानावर होते? अपवाद होते, दोन-चार रिपोर्टर राजपत्र उघडून बसायचे आणि त्यांच्यामुळेच हे बाहेर आलं, त्यांचं श्रेय काढून घेत नाही. पण बाकीच्यांनी त्या दोन वर्षांत छापलं ते ‘एक इंचही जमीन बेकायदा रूपांतरित होऊ देणार नाही असे मंत्री म्हणाले’. परत म्हणाले.

राजपत्र, म्हणजे गॅझेट, माझे आजोबा बोलेतीं म्हणायचे, पोर्तुगेज काळातलं बोलेतीं ओफिसियाल. भारतातला पहिला छापखाना १५५६ ला आपल्या जुन्या गोव्यात उतरला हे आपण अभिमानाने सांगतो, आणि साडेचारशे वर्षांनी तुमच्या भिंतीला लागून असलेल्या भाटाची नोटीस तुमच्यापर्यंत पोचत नाही. पोचवायची जबाबदारी कोणाची यावर सरकार म्हणतं आम्ही छापलं, पेपर म्हणतो जाहिरात नव्हती, पंचायत म्हणते आम्हाला कोणी विचारलंच नाही.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा काढा, एक-चौदाचा उतारा (आपला जमिनीच्या नोंदीचा कागद) ऑनलाईन मिळतो. दुसरं, नगर नियोजन खात्याकडे त्या नंबरचा झोनिंग दाखला मागा. तिसरं, झोन बदललाय असं निघालं तर कुठल्या कलमाखाली ते बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण प्रत्येक कलमाचा रस्ता वेगळा. ३९अ आलं तेव्हा त्यात निदान तीस दिवसांची नोटीस आणि लोकांच्या सूचना घ्यायची अट तरी होती, आणि त्या कलमाविरुद्ध पण लोक कोर्टात गेलेत. ते तीस दिवस तुमच्या नकळत गेले असतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, आणि अर्जात नुसत्या प्रती मागू नका, अख्खी फाईल बघायला मागा, तसा हक्क कायद्यात आहे. फाईलमध्ये जागेची पाहणी केली असेल तर तिचा रिपोर्ट असतो. तिथे ‘उतार नाही, झाडे नाहीत’ असं लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे काजूच्या झाडांचे फोटो असतील तर मग बोलायला जागा आहे. आणि डोंगर कापलेला असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याला त्याच कायद्यातलं १७अ आहे, परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही आणि सखल शेत बुजवता येत नाही, मग झोन कुठला का असेना.

ग्रामसभेत हे नक्की मांडा आणि ठराव लेखी घ्या. ‘पळोवया मगे’ (बघूया की) वर समाधान मानून घरी जाऊ नका, रविवार फुकट जातो. तुम्ही शिक्षक होता, सेक्रेटरीच्या समोर बसून शुद्धलेखनासकट ठराव लिहून घ्या, फार फरक पडतो.

प्र. मराठी पेपरातलं सरकारी मराठी कळतच नाही. यापेक्षा इंग्रजी बरं असं आमची मुलं म्हणतात. (वाचक, साखळी)

मुलांचं चुकत नाही. राजभाषा कायदा १९८७ चा, देवनागरी कोकणी राजभाषा, आणि मराठीचा वापर सगळ्या सरकारी कामांसाठी करता येतो असं कायद्यात आहे. करता येतो म्हणजे केला जातो असं नाही. प्रेसनोट येते इंग्रजीत, संध्याकाळी सातला, पान सोडायचं नऊला, आणि भाषांतर करणारा तोच माणूस जो फुटबॉलचा स्कोअर पण बसवतोय. मग ‘स्टेकहोल्डर’चे ‘भागधारक’ होतात आणि वाचकाला वाटतं शेअर बाजाराचं काहीतरी आहे. वरचंच उदाहरण घ्या, ‘अनवधानाने झालेली चूक’ हे भाषांतर बरोबरच आहे, पण वाचताना कसं वाटतं, कोणाच्या तरी हातून चहा सांडला. त्याजागी ‘बागायतीतून बांधकाम क्षेत्रात’ एवढं लिहिलं असतं तर मास्तरांना दोन वर्षं आधी कळलं असतं. मीही हे केलंय, नऊ वाजायला आले की जो शब्द समोर येतो तो टाकतो माणूस.

प्र. पर्यटक एक कोटीच्या वर गेले म्हणून पहिल्या पानावर बातमी, आणि माझ्या पाचपैकी तीन खोल्या डिसेंबरात रिकाम्या. मग एवढे लोक राहतात कुठे? (होमस्टेवाले, पेडणे)

खात्याचे आकडे माझ्यापुढे आहेत. २०२४ मध्ये देशी पर्यटक ९९ लाख ४१ हजार, विदेशी ४ लाख ६७ हजार, मिळून एक कोटी चार लाख. २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी, देशी ७१ लाख २७ हजार आणि विदेशी ९ लाख ३७ हजार. आता यातून दोन हेडलाईन निघतात, ‘पर्यटक एक कोटीपार’ आणि ‘विदेशी पर्यटक निम्म्यावर’, आणि दोन्ही शंभर टक्के खऱ्या. सरकारी प्रेसनोटवरून पहिली झाली, समाजमाध्यमांवर दुसरी गाजली, मग आठवडाभर पहिलीवाले दुसरीवाल्यांना गोव्याचे शत्रू म्हणाले आणि दुसरीवाले पहिलीवाल्यांना थापाडे. मला विचाराल तर दोन्ही ओळी एका बातमीत, एकाखाली एक, घालायला पाच मिनिटं लागतात.

तुमच्या रिकाम्या खोल्यांचं कारण मात्र या दोन्हीत नाही. तो माणूस किती रात्री राहिला हा आकडा लागतो. पूर्वी रशियन-ब्रिटिश पाहुणा चार्टरने यायचा तो आठवडा दोन आठवडे मुक्काम करायचा, आता शुक्रवारी रात्री गाडी काढून रविवारी परत जाणारा पण एक पर्यटक आणि तो दोन आठवडेवाला पण एकच. डोकी वाढली म्हणून मुक्काम वाढलाच असं नाही. त्यात मोजणी होते कशी, दोन हॉटेलांत उतरलेला दोनदा मोजतात का, नोंदणी नसलेल्या फ्लॅटमध्ये उतरलेला कुठे जातो, हे रिपोर्टरने त्याच पत्रकार परिषदेत विचारायचं असतं. तुमची नोंदणी आहे ना? असेल तर तुमच्या तालुक्याचे, महिन्याप्रमाणे आकडे खात्याकडे मागा. राज्याचा आकडा तुमच्या काय कामाचा.

प्र. आमच्या वाड्यावरच्या एका मुलीवर अत्याचार झाला. पेपरात नाव नव्हतं, पण गाव, वाडा, शाळा, इयत्ता आणि बाप काय काम करतो ते होतं. आता सगळा गाव त्या घराकडे बघतो. हे चालतं का? (एक आजी, गाव छापू नका)

नाही चालत आजी. कायद्यात फक्त नावाची बंदी नाहीये, ओळख पटेल अशा कुठल्याही माहितीची आहे. मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम २३ लागतं, त्यात नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. मोठ्या बाईच्या बाबतीत पूर्वी भारतीय दंड संहितेचं २२८अ होतं, आता जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७२, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दिल्ली-मुंबईत ‘एका उपनगरातील चौदा वर्षांची मुलगी’ लिहिलं तर ती लाखात हरवते. आपल्याकडे वाड्यावर तीस घरं. तिथे इयत्ता लिहिली की झालं, नाव वेगळं लिहावं लागत नाही. हा फरक गोव्यात बसून बातमी लिहिणाऱ्याला कळत नाही असं मी मानायला तयार नाही, तो स्वतः अशाच वाड्यावरून आलेला असतो. पण पोलिसांची नोट जशी आली तशी लावायची, आणि शेजारच्या पेपरात वाड्याचं नाव आहे मग आपल्याकडे का नाही असं सकाळच्या मीटिंगमध्ये विचारलं जातं. मी ऐकलेलं आहे ते वाक्य. आणि एकदा गप्प बसले आहे, ते पण सांगून टाकते.

तुम्ही संपादकांना पत्र लिहा, कोणाकडून तरी लिहून घ्या, आणि ती बातमी वेबसाईटवर अजून असेल तर आधी ती काढायला सांगा, कारण छापलेला कागद रद्दीत जातो पण ती लिंक मुलीच्या लग्नापर्यंत राहील. मुलीच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र पुढची पोलीस तक्रार वगैरे करू नका. परत त्यांच्याच दारात कॅमेरा यायचा.

प्र. बेकायदा घरांच्या बातमीत आमच्या घराचा फोटो लावला. आमचे सगळे कागद आहेत. फोन केला तर म्हणतात फोटो ‘प्रातिनिधिक’ आहे. (वाचक, तिसवाडी)

प्रातिनिधिक! हा शब्द कोणी काढला त्याला एकदा भेटायचं आहे मला.

फोन करू नका, लेखी द्या, ईमेल आणि शक्यतो स्पीड पोस्ट पण, संपादकांच्या नावाने, कात्रण आणि घराच्या कागदांच्या प्रती जोडून, आणि काय हवंय ते एका वाक्यात लिहा, खुलासा, त्याच पानावर, त्याच आकारात. शेवटच्या दोन गोष्टी मिळतीलच असं नाही, पण मागायच्या. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, १९७८ च्या कायद्याखालची संस्था आहे, दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणून वाट बघत बसू नका. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद देते, निषेध करते, बस एवढंच. त्यामुळे तिला दात नाहीत असं सगळे म्हणतात ते खरंच आहे, पण दिल्लीहून नोटीस आली की संपादकाच्या केबिनमध्ये जी पळापळ होते ती मी पाहिलीय. आणि हे फक्त छापील पेपरापुरतं, मोबाईल घेऊन तुमच्या गेटवर उभा राहणारा यूट्यूबवाला त्यात येत नाही.

आमच्या हातून एकदा एका सहकारी संस्थेच्या थकबाकीत एक शून्य जास्त पडलं होतं. बातमी पहिल्या पानावर, चार कॉलम. खुलासा दोन दिवसांनी सातव्या पानावर, पंचांगाच्या खाली. संस्थेचे चेअरमन ऑफिसात आले, ओरडले नाहीत, फक्त विचारलं, तुमच्या वाचकांपैकी किती जण पंचांग बघतात? मला उत्तर देता आलं नाही.

प्र. पूर्वीचे पेपर निष्पक्ष होते, आता सगळे विकले गेले. पटतं का? (कॉलेजचा विद्यार्थी, मडगाव)

अर्धं. पूर्वीचे निष्पक्ष होते हे तुला कोणी सांगितलं रे बाबा? १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घे, फूल म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. ‘गोमंतक’ उघड विलीनीकरणाच्या बाजूने आणि तुमच्याच मडगावचं ‘राष्ट्रमत’ उघड विरोधात, दोन्ही मराठी दैनिकं, रोज एकमेकांना सोलून काढायची. शेवटी दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. निष्पक्ष कोणीच नव्हतं, पण कोण कुठल्या बाजूचं हे पोदेराला (पाववाल्याला) सुद्धा माहीत होतं, त्यामुळे वाचणारा आपलं मीठ आपण घालून वाचायचा.

आता बाजू विकली जाते आणि वर बातमीचा मुखवटा असतो, चीड येते ती याची. पैसे किंवा वस्तू घेऊन छापलेली बातमी म्हणजे पेड न्यूज, प्रेस कौन्सिलची व्याख्या साधारण अशीच आहे, २०१० मध्ये त्यावर मोठा अहवाल झाला. ओळखायची कशी तर दोन पेपर समोर ठेवायचे, उमेदवाराच्या पदयात्रेची बातमी शब्दाला शब्द तीच असेल, बायलाईन म्हणजे बातमीदाराचं नाव नसेल, आणि त्याच पानावर त्याच्या विरोधकाची पण ‘प्रचंड प्रतिसाद’वाली असेल, तर दोघांनी पैसे भरलेत. निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवर यासाठी समिती असते, तिला कात्रणं पाठवता येतात. मागची विधानसभा १४ फेब्रुवारी २०२२ ला झाली, पुढची काही फार लांब नाही, आतापासून दोन पेपर लाव. वसतिगृहात चौघांत मिळून घेतले तर परवडतात.

प्र. ते गॅझेट निघतं कधी आणि मिळतं कुठे? (वाचक, काणकोण)

दर गुरुवारी, अधूनमधून जादा अंक. पणजीच्या सरकारी छापखान्यात विकत मिळतं, पण काणकोणहून तेवढ्यासाठी येऊ नका, छापखान्याच्या वेबसाईटवर फुकट आहे, पीडीएफ. आहे इंग्रजीत आणि अक्षर बारीक. फाईल उघडली की आपल्या गावाचं नाव सर्च करायचं, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, माझ्या माहेरच्या गावाचं मला तीन प्रकारे सापडलंय.